मिशनऱ्याचे घर आणि आपला समाज



पोलादपूर सोडून आंबेनळीच्या घाटाला लागले की सुमारे चाळीस किलोमीटरच्या वळणावळणाच्या वाटेने महाबळेश्वर गाठता येते. उजव्या-डाव्या हाताला जावळीचे खोरे, मध्येच प्रतापगडाचे दर्शन आणि खाली दरीतून वाहणारी सावित्री. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी पोलादपूर-महाडावरून बाणकोटच्या खाडीला मिळते. या वाटेवर छत्रपती शिवरायांची आठवण होणार नाही असा मराठी माणूस विरळाच. पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची स्मृती आहे, तर महाड तालुक्यात समर्थांची शिवथरघळ. परंतु याच सावित्रीच्या काठाने आणि याच डोंगराच्या माथ्यावर एक वेगळा इतिहासही घडून गेला आहे. तो आपला नव्हे, म्हणून आपण तो वाचत नाही. जो वाचतो तो बहुधा रागाने वाचतो किंवा भारावून जाऊन वाचतो. दोन्ही प्रकारांत त्याचे मर्म निसटते. हा इतिहास आहे परदेशातून येथे येऊन आयुष्य काढलेल्या ख्रिस्ती मिशनरी कुटुंबांचा.

बाणकोट ते महाबळेश्वर

इ.स. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले प्रचारक डोनाल्ड मिचेल बाणकोटास आले. संस्थेची इच्छा पुण्यात केंद्र उघडण्याची होती. परंतु पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांना पुण्यातील लोकमत दुखावणे शहाणपणाचे वाटेना. म्हणून मिशनरी कोकणात उतरले. त्याच वर्षी मिचेल यांचे निधन झाले. त्यांच्या मागोमाग आलेल्या सहकाऱ्यांनी बाणकोट-हर्णै भागात शाळा काढल्या, मराठी शिकून घेतली आणि पुढे मुंबई व पुण्याकडे मोर्चा वळवला.

त्याच दशकाच्या अखेरीस महाबळेश्वरी मुंबई सरकारचे आरोग्यस्थान वसू लागले. गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने तेथील पेठेस 'माल्कम पेठ' म्हणत. त्या काळी मुंबईहून महाबळेश्वर गाठण्याचा एक मार्ग समुद्राचा होता. गलबताने बाणकोट, तेथून सावित्रीच्या खाडीतून होडीने दासगाव-महाड आणि पुढे पोलादपूरवरून पालखीत बसून पार घाटाची चढण. आंबेनळीचा गाडीरस्ता नंतरचा, इंग्रजी कागदपत्रांत तो फिट्झजेरल्ड या गव्हर्नरांच्या नावाने ओळखला जाई. वरच्या थंड हवेत हवापालटासाठी येणाऱ्यांत लष्करी अधिकारी होते, तसेच तापाने खंगलेले मिशनरी, त्यांच्या बायका आणि लेकरेही होती.

अमेरिकन मराठी मिशनचे अॅलन ग्रेव्ह्ज यांचे उदाहरण घ्या. ते 1818 मध्ये मुंबईस आले. प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी महाबळेश्वरी बिऱ्हाड केले आणि तेथेच बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले. 1843 मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला. मायदेशी परतण्याचे निमित्त हाताशी असूनही हा मनुष्य अखेरीस येथेच राहिला. ज्या डोंगराच्या पायथ्याशी पोलादपूर आहे, त्याच्याच माथ्यावर त्याने पंचवीस वर्षांच्या प्रवासाची अखेर केली.

घर हेच केंद्र

मिशनच्या इतिहासाकडे आपण सामान्यत: व्याख्याने, वादविवाद, बाप्तिस्मे आणि पैसा या अंगांनी पाहतो. वस्तुत: या चळवळीचे खरे बळ त्यांच्या घरात होते. कंपनीचा अधिकारी बदलीवर येई आणि निवृत्तिवेतन घेऊन जाई. व्यापारी नफा मोजून जाई. मिशनरी मात्र पत्नीसह येई, स्थानिक पंतोजी ठेवून दोघेही मराठीची धुळाक्षरे गिरवीत, आणि बहुधा त्यांतील एकाची तरी कबर येथेच होई.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. तरीही हॉल चिकटून राहिले, येथेच त्यांनी विवाह केला. 1825 मध्ये मुलांच्या प्रकृतीस्तव त्यांच्या पत्नीला दोन मुलांसह अमेरिकेला जावे लागले. वाटेत समुद्रावरच थोरला मुलगा गेला. पुढच्याच वर्षी, 20 मार्च 1826 रोजी, नाशिककडच्या प्रवासात पटकीने हॉल यांचा अंत झाला. जवळची औषधे त्यांनी वाटेतल्या रोग्यांना वाटून टाकली होती. ही बातमी जहाजाने पत्नीपर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागले असणार. ज्या समाजात मृत्यूची वार्ता कळताच आप्तेष्ट धावून येतात, त्या आपल्या समाजाला या एकाकीपणाची कल्पना करणेही कठीण आहे.

जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन 1829 मध्ये आले. प्रथम कोकणात राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी मुंबईत परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुंबईचे सेंट कोलंबा विद्यालय आपला आरंभ त्यांच्याच कार्यात शोधते. 19 एप्रिल 1835 रोजी, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्या निवर्तल्या. भारतात त्यांना लाभली अवघी सहा वर्षे. त्यानंतर त्यांच्या दोघी बहिणी स्कॉटलंडहून मुंबईस आल्या आणि त्यांनी शाळांचे काम पुढे नेले. एक बहीण जाते आणि दोघी तिची जागा घेतात, यातून त्या घरांची घडण कळते.

सिंथिया फरार या तर एकट्याच आल्या. अमेरिकेतून परदेशी गेलेल्या आरंभीच्या अविवाहित स्त्री मिशनऱ्यांपैकी त्या एक. 1827 मध्ये मुंबईत उतरल्या आणि 1862 मध्ये अहमदनगरला निवर्तल्या. पस्तीस वर्षे त्यांनी मुलींना शिकवण्यात घालवली. महात्मा जोतीराव फुल्यांनी स्त्रीशिक्षणाचे काम हाती घेण्यापूर्वी नगरची त्यांची शाळा पाहिली होती.

लेकरांनी मोजलेली किंमत

या इतिहासातील सर्वांत हृदयद्रावक भाग मुलांचा आहे. हवामान सोसवत नाही आणि शिक्षणाची सोय नाही, म्हणून कोवळ्या वयातच अनेक मुले मायदेशी नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात पाठवली जात. आई-बाप हिंदुस्थानात, लेकरे सातासमुद्रापार आणि मधे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. पुढे 1901 मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनालला आपल्या मुलांसाठी शाळा काढली, त्यामागे हीच वेदना होती.

नगर-मुंबईच्या ह्यूम घराण्यात या साऱ्याचे दर्शन घडते. रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 मध्ये आले. पंधरा वर्षांनी आजारी होऊन परत निघाले आणि 1854 मध्ये समुद्रप्रवासातच वारले. विधवा आईने अमेरिकेत मुलांना वाढवले. इतके भोगल्यावर त्या मुलांनी हिंदुस्थानचे नावही काढले नसते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु 1847 मध्ये मुंबईत जन्मलेला रॉबर्ट अॅलन ह्यूम 1874 मध्ये परत आला आणि सुमारे अर्धशतक नगरला राहिला. त्याचा भाऊ एडवर्ड मुंबईत शाळा चालवू लागला.

सर्वच मुले वडिलांच्या मार्गाने गेली असे नव्हे. डॉ. विल्सनांचा मुलगा अँड्र्यू पत्रकार आणि प्रवासलेखक झाला. हिमालयाच्या प्रवासावरील त्याचा ग्रंथ 1875 मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांचे ध्येय मुलाच्या अंगवळणी पडतेच असे नाही, ही गोष्ट ध्येयवादी घरांना आपल्याकडेही ठाऊक आहे.

त्याग मान्य, हेतूचे काय?

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. एवढा त्याग ज्या हेतूसाठी होता, तो हेतू हिंदू समाजाने मान्य करावा काय? त्या काळच्या समाजधुरीणांनी या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे दिले आहे. विल्सन यांनी हिंदू धर्मावर टीकेची झोड उठवली तेव्हा मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी जाहीर वाद केला आणि 1831 मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. याच रायगड जिल्ह्यातील शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद केले. गर्दी हजारांनी जमे. समोर होते जॉर्ज बोवेन, ज्यांनी मिशनचे वेतन सोडून देशी वस्तीत फकिरासारखे राहणे पत्करले होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे पुढे बोवेन यांनीच पुस्तकरूपाने छापले. मतभेद पराकोटीचे होते, पण कोणी कोणावर हात उगारला नाही.

मिशनऱ्याचे घर आणि हिंदूचे घर यांतील खरा संघर्ष 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री प्रकरणात उघडा पडला. थोरला भाऊ नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि अल्पवयीन श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयास राहू लागला. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. मात्र त्याने मिशनरी घरात अन्न घेतले होते, म्हणून त्याला जातीत घ्यावे की नाही यावर रण माजले. आचार्य बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. या प्रकरणात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आई-बापांपासून लेकरू तोडणारा धर्मप्रसार, मग तो कितीही सेवाभावी असो, समर्थनीय नाही. आपल्याच लेकराला दार बंद करणारा समाजही तितकाच दोषी. मिशनऱ्याच्या दारात माणसे गेली ती पुष्कळदा आपले दार बंद होते म्हणून गेली. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, यापेक्षा कठोर साक्ष कोणती?

दुष्काळातील अन्नछत्र आणि धर्मांतर यांची सांगड हा दुसरा आक्षेप. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनने नगर भागात अनेकांचे प्राण वाचवले हे सत्य आहे, आणि त्या काळात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या हेही सत्य आहे. भुकेल्याच्या हातावर ठेवलेल्या भाकरीला कोणतीही अट असू नये, हा आपला आग्रह योग्यच होता व आहे. मिशनच्या परकीय चौकटीची बोच मराठी ख्रिस्ती माणसालाही होती. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्तभक्ती भारतीय वळणाची असावी, अभंग-कीर्तनाच्या वाटेने जावी, हा त्यांचा ध्यास होता.

तथापि मतभेदाचे उत्तर हिंसा नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत झोपली असताना जिवंत जाळण्यात आली. दहा आणि सहा वर्षांच्या त्या मुलांनी कोणाचा धर्म बदलला होता? हे कृत्य अमानुष होते आणि हिंदू धर्माच्या नावाला काळिमा फासणारे होते. विष्णुबुवांनी किनाऱ्यावर जे केले ते आपल्या परंपरेचे, मनोहरपूरला झाले ते नव्हे.

मातीने काय बदलले?

बायबल घेऊन आलेल्या या कुटुंबांकडून कोणते काम टिकले, याचा हिशेब मांडला तर निष्कर्ष उद्बोधक निघतो. पहिल्या दशकात त्यांच्या हाती आलेली धर्मांतरे बोटांवर मोजण्याइतकी होती. टिकली ती भाषा, शाळा आणि छपाई. कोकणात काम केलेले जॉन स्टीव्हन्सन यांनी 1833 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे सामवेदाच्या संहितेचे इंग्रजी भाषांतर केले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी उभे राहिले, आणि मग आपलीच पंचांगे, पोथ्या आणि शास्त्रग्रंथ घरोघरी पोहोचले. धर्मप्रसारासाठी आणलेल्या यंत्राने शेवटी हिंदू धर्मग्रंथांचीच सेवा केली, हा नियतीचा न्याय म्हणावा.

नगर जिल्ह्यातील वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक पक्ष्यांच्या अभ्यासात रमले. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी 1876 मध्ये प्रसिद्ध झाली. सह्याद्रीच्या या रानाची अशी शास्त्रीय नोंद करणाऱ्या आरंभीच्या लोकांत या धर्मोपदेशकाचे नाव घ्यावे लागते.

परंतु सर्वांत विलक्षण कथा जस्टिन अॅबट यांची. वडीलही नगर भागातच मिशनरी. जस्टिन 1853 मध्ये अमेरिकेत जन्मले, 1881 पासून मुंबईत मिशनचे काम केले आणि मग अमेरिकेला परतून निवृत्त झाले. निवृत्तीत त्यांनी काय करावे? महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला काढली. एकनाथ झाले, 1929 मध्ये संत बहिणाबाई, 1930 मध्ये तुकाराम आणि 1932 मध्ये महिपतींच्या 'संतविजया'तील समर्थ रामदास. त्याच वर्षी ते वारले. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केलेले 'भक्तविजया'चे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडले.

योगायोग पाहा. महाड तालुक्यातील शिवथरघळीचा शोध धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये लावला. दासबोध जेथे लिहिला गेला अशी परंपरा सांगते ती ही घळ. देव हे काम करीत होते त्याच सुमारास अमेरिकेत एक वृद्ध मिशनरी समर्थांचे चरित्र इंग्रजीत उतरवीत बसला होता. शिकवायला आलेला मनुष्य विद्यार्थी होऊन परतला. त्याने आपला धर्म सोडला नाही, आणि तशी अपेक्षा कोणी केलीही नाही. पण ज्यांना तारायला तो आला होता, त्यांच्याच संतांच्या चरणांशी त्याने आयुष्याची अखेरची वर्षे वाहिली. हिंदू विचाराचे सामर्थ्य कोणत्या मार्गाने प्रकट होते, याचे हे उदाहरण आहे. त्यासाठी कोणावर सक्ती करावी लागली नाही.

आपले घर कोठे आहे?

या साऱ्याचे सार काय? मिशनऱ्याकडून धर्मांतराचा हेतू घेण्याचे कारण नाही. घेण्यासारखी आहे ती त्याच्या घराची बैठक. भाषा शिकणे, पत्नीचे कार्य पतीच्या कार्याइतकेच मोलाचे मानणे आणि एका जागी आयुष्य काढणे, या तीन गोष्टींवर त्याचे काम उभे होते. धर्म न विचारता हे करता येते हे आपल्याच माणसांनी सिद्ध केले आहे. 1952 मध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचा आरंभ केला. 1973 मध्ये हेमलकशाला आमटे कुटुंबाने दवाखाना मांडला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांचा संसार तेथेच झाला, मुलेही तेथेच वाढली.

इतके दूर तरी कशाला जावे? डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने कोकणातील माणसे, विशेषत: मुले, तडफडून मरत होती. शहराकडे बदली मागणे सोपे होते. बावसकरांनी त्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. 1982 मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि 1986 मध्ये प्राझोसिन या औषधाच्या उपयोगासंबंधीचा लेख. त्यावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचेही नाव आहे. महाडमध्येच त्यांनी आयुष्य उभे केले. 2022 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. विंचू उतरवताना त्यांनी कोणाची जात विचारली नाही, की बऱ्या झालेल्या रोग्याकडून कसली दीक्षा मागितली नाही.

आज आंबेनळीच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांतून तरुण मुंबईला गेले आहेत. कित्येक घरे गणपतीपुरती आणि शिमग्यापुरती उघडतात. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही काळाने घाला घातला. संकटाच्या दिवशी शेकडो हात मदतीला धावले, हे आपल्या समाजाचे भूषण आहे. परंतु दरड हटल्यावर, छायाचित्रे निघून गेल्यावर, आठव्या महिन्यात त्या वाडीत कोण असते? शाळेत शिक्षक टिकतो काय? बाळंतिणीला रात्री गाडी मिळते काय? म्हाताऱ्याच्या औषधाची चौकशी करायला शेजारी कोणी उरला आहे काय?

दोनशे वर्षांपूर्वी परक्या देशातली जोडपी गलबताने बाणकोटला उतरली, तेव्हा त्यांच्यासाठी कोकण हा परदेश होता. भाषा परकी, हवा घातक, समाज विरोधी. आपल्याला पोलादपूर परदेश नाही. भाषा आपलीच, देव आपलेच, माणसेही आपलीच. तेथे राहण्यासाठी मुलांना सातासमुद्रापार पाठवावे लागणार नाही, आणि बातमी कळायला सहा महिनेही लागणार नाहीत. धर्मांतर रोखण्याच्या घोषणा देणे सोपे आहे, कायदे मागणेही सोपे आहे. घाटाखालच्या एखाद्या वाडीत आपले बिऱ्हाड थाटून वीस वर्षे राहणे अवघड आहे. आज या सभेला आलेल्यांत नुकतेच डॉक्टर झालेले असतील, शिक्षक झालेले असतील, सेवानिवृत्त होऊन हातपाय धड असलेलेही असतील. त्यांनी पती-पत्नी मिळून या प्रश्नाचा घरी बसून विचार करावा. एक घर पुरेसे आहे. आरंभ नेहमी एकाच घराने झाला आहे.